मान खाली ठेवायची अट

"मग तिला वगळलं तर माझं चुकलं काय, बाई?"

यशोधन आगटे उभ्यानंच बोलत होता. समोर खुर्ची होती, पण बसायला त्याला वेळ नव्हता. गाडी चालू ठेवून आला होता म्हणा ना.

बाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टर अनसूया धारप. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात डोळ्याच्या पडद्याचा विभाग त्यांनीच उभा केला, आणि निवृत्त झाल्यावर या तालुक्याच्या गावी, धर्मादाय नेत्रालयाच्या ओसरीवर येऊन बसल्या. यशोधन त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे तो स्वतःही विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

"कुणाला वगळलंस?" बाई म्हणाल्या.

"त्या सरपंचबाईंना, माझ्या शोधनिबंधातून. शेवंता वाघमारे."

बाईंनी ओसरीच्या टोकाकडे बघितलं.

ओसरीच्या कठड्याला लागून बाक होते. बाकांवर पेशंट. कुणाच्या डोळ्याला हिरवी पट्टी, कुणाला काळा चष्मा. शेवटच्या बाकावर शेवंताबाई बसल्या होत्या. यशोधन त्यांच्यासमोरूनच आला होता. त्यांना पाहिलं असेल की नाही, देव जाणे. पडद्याच्या डॉक्टरांना माणसाच्या डोळ्याचा फोटो आधी ओळखू येतो आणि माणूस नंतर.

"बाई, माझं काम तुम्हाला माहीत आहे. पडद्याच्या मधोमध भोक पडलेले पेशंट. माझ्या पद्धतीनं ऑपरेशन केलं, सगळ्यांची भोकं बुजली. सगळ्यांची! एवढी एक सोडून."

"आणि ती एक?"

"तिनं अट मोडली."

अट साधी होती, सांगायला. ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा वर चढतो. म्हणून पेशंटनं आठवडाभर मान खाली घालून राहायचं. जेवताना खाली, चालताना खाली, झोपताना पालथं. म्हणजे बुडबुडा मागच्या पडद्याला टेकून राहतो आणि भोक मिटतं. डॉक्टरांनी हे एका वाक्यात सांगायचं, पेशंटनं आठवडाभर भोगायचं.

"कशावरून मोडली?"

"तिनंच कबूल केलं."

"कबूल केलं..." बाईंचा स्वर एकदम कडक झाला. "चोरी केली होती का तिनं?"

"तसं नाही, बाई..."

"का मोडली, ते विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मान उचलली, भोक उघडं राहिलं. कारण काहीही असो, पडद्याला काय फरक पडतो?"

आता हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बिनचूक आहे. अशाच बिनचूक वाक्यांचा मला संताप येतो.

बाईंनी मान वळवली. "शेवंताबाई, जरा इकडे येता? सकाळी मला सांगितलंत ते यांना सांगा."

शेवंताबाई उठल्या. खांबाला हात लावत आल्या. उभ्या राहिल्या त्या यशोधनच्या थोड्या बाजूला, कारण समोर तोंड केलं की समोरचंच नाहीसं व्हायचं.

"डॉक्टर हायेत व्हय हितं? मला तोंड दिसत न्हाई. कान दिसत्यात." त्या कसनुसं हसल्या. "दुसरा डोळा ल्हानपणीच गेला, दगड लागून. ह्योच एक हाय."

"सांगा," बाई म्हणाल्या.

"ग्रामसभा हुती. आमच्या वस्तीला नळ आनायचा ठराव हुता. म्या न्हाई गेले तर उपसरपंच खुर्चीवर बसनार, आन् नळ पुन्यांदा बोंबलनार. म्हनून गेले. डॉक्टरांनी सांगितलंवतं तशी मान खाली घालून गेले. खुर्चीवर बसले, हनवटी छातीला लावून."

"मग?"

"कुनीतरी हसलं. म्हनलं, बगा, खुर्चीवर बसवली तरी मान हुती तितंच आली."

यशोधन घड्याळ बघत होता.

"आमची सासू गावाच्या पारापुढनं मान खाली घालून जायची, डॉक्टर. पायतान हातात घिऊन. तिची सासू बी. कुनी वर बघितलं तर..." शेवंताबाई थांबल्या. "कोन हसलं त्ये मला दिसलं न्हाई. पन म्या मान वर केली. सभा संपस्तवर खाली घातली न्हाई. वाद लई झाला, अंधार पडस्तवर चालला. नळ मंजूर झाला."

"आणि नंतर?" बाईंनी विचारलं.

"घरी यिऊन पालथी पडले. आठवडा सांगितलावता, म्या महिना काढला. म्हनलं भरून निघंल." त्यांनी पदर सारखा केला. "न्हाई निघालं."

...

यशोधन खाकरला. "ताई, मी समजू शकतो. खरंच. पण तुम्ही आधी कळवायला हवं होतं. ऑपरेशनची तारीख बदलली असती."

"सभेची तारीख त्यांनी आदल्या दिशी काढली, डॉक्टर. मी पट्टी बांधून घरी हाय हे बगूनच काढली."

त्या परत खांबाला हात लावत बाकाकडे गेल्या.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या.

"बाई, वाईट मलाही वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि अभ्यास वेगळा. माझ्या शोधनिबंधात लिहिलंय, ज्यांनी सूचना पाळल्या त्यांचेच निकाल धरलेत. त्यात खोटं काय?"

"तू ऑपरेशन कशासाठी शोधलंस? भोक बुजावं म्हणून, की सूचना पाळली जावी म्हणून?"

"अर्थात भोक..."

"मग जिचं बुजलं नाही, तिच्याकडूनच तुला काहीतरी कळणार. बाकीच्यांनी तर तुझी फक्त वाहवा केली."

यशोधनचा आवाज चढला. त्याचा आवाज चढला की तो इंग्रजीत शिरतो, आताही शिरला. परदेशात काय करतात, परिषदेत काय विचारतील, सगळं सांगून झालं. बाई ऐकत होत्या. त्यांनी मध्ये एकदा डोळे मिटले.

"बरं, ते राहू दे," त्या मराठीत म्हणाल्या. "तिचं ऑपरेशन पुन्हा कधी करतोस?"

"मी?"

"तूच. भोक अजून फार मोठं झालेलं नाही, मी सकाळी बघितलं. उशीर केलास तर मात्र गेलं."

"बाई, एकदा अट मोडणारी पुन्हा मोडेल. थिएटर आठवड्यातून एकच दिवस मिळतं मला. सांगितलेलं ऐकणारे पेशंट रांगेत आहेत. त्यांच्यावर अन्याय नाही का होणार?"

अन्याय! हा शब्द त्याच्या तोंडी किती सहज आला बघा.

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"दुसरं ऑपरेशन केलंस तर पहिलं फसलं असं निबंधात मांडावं लागेल. म्हणून?"

...

बाकांवर कुणीतरी खोकलं. आतून डोळ्यांत थेंब घालणाऱ्या सिस्टरची हाक ऐकू आली, "वर बघा, वर बघा."

यशोधननं पुन्हा घड्याळ बघितलं.

"म्हणून का, यशोधन?"

"बाई, तुम्ही माझ्यावर आरोप करताय." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आजवर असं कुणी बोललं नाही मला. निबंधावर तुमचं नाव घालायचं म्हणून मी एवढ्या लांब आलो. मानानं विचारायला आलो. नसेल घालायचं तर तसं सांगा, पण... पण हे नको."

"नाही घालायचं."

"ठीक आहे. येतो मी."

आता बाईंच्या विभागात एक रीत पडली होती. बाईंनी पाडली नव्हती, विद्यार्थ्यांनीच पाडली. निघताना बाईंच्या पाया पडल्याशिवाय कुणी जायचं नाही. बाईंना ते कधी आवडलं नाही. कुणी वाकला की त्या पाय मागे घ्यायच्या, "अरे, डोळे बघायला शिका, पाय काय बघता" म्हणून ओरडायच्या. पण सवय ती सवय. रागानं धुसफुसत असतानाही यशोधन वाकलाच.

आज बाईंनी पाय मागे घेतले नाहीत.

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

यशोधन आशीर्वादाची वाट बघत राहिला. आशीर्वाद काही येईना. हातही उचलला जाईना.

"बाई?"

"थांब."

"उठू?"

"तुझ्या डोळ्यात आत्ताच गॅस भरलाय. राहा असाच."

तो खालच्या खालीच हसला. बाईंना अधूनमधून असं काहीतरी सुचतं, हे त्याला माहीत होतं. चला, राग तरी गेला म्हातारीचा, असंही त्याला वाटलं असेल.

"आता सांग. परिषद कुठे आहे?"

त्यानं फरशीकडे बघत सांगितलं.

"तिथे कोण कोण येणार?"

त्यानं नावं सांगितली. मोठमोठी नावं. पण बाईंच्या चपलांकडे बघत सांगितली की मोठी नावंही केविलवाणी वाटतात. त्याची कंबर भरून आली. चष्मा नाकावरून घसरायला लागला, तो त्यानं एका हातानं धरला.

"बाई, पुरे आता."

"दुखतंय?"

"दुखण्याचं काही नाही..."

"मग राहा की. तुझ्या पेशंटना तू आठवडा सांगतोस."

तो राहिला. जिद्दीचा होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. बाईंचा हात नुसता ठेवलेला होता, दाबलेला नव्हता. त्याला केव्हाही उठता आलं असतं. पण आता ती त्याच्याही इरेची गोष्ट झाली होती. घरचेच दोघे, कोण बघतंय?

पण बघत होते.

बाकावरचं बोलणं हळूहळू थांबलं. हिरव्या पट्टीचा एक म्हातारा चांगल्या डोळ्यानं टक लावून बघू लागला. शेजारी त्याची बायको. तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

"काय वो, कोन हाय ह्यो?"

"डॉक्टर हाय. मोटा दिसतोय."

"मग असा का उभा केलाय?"

"काय तरी केलं असंल."

"काय केलं असंल?"

"कायतरी असंलच की. उगं कोन मान खाली घालून उभा ऱ्हातंय? सापडला असंल."

फरशीकडे बघणाऱ्या माणसाला हे सगळं ऐकू येत होतं.

"बाई, लोक बोलतायत," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"बोलू देत. पडद्याला काय फरक पडतो?"

"त्यांना सांगा ना काहीतरी."

"काय सांगू?"

"सांगा की मी... की हे उगीच..."

सिस्टर थेंबांची बाटली घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. तिच्या मागून दोन पेशंट डोकावले. बाकावर कुणीतरी हसलं. कोण हसलं, ते यशोधनला दिसलं नाही.

"पैसं खाल्लं असत्याल," बाकावरच्या म्हातारीनं निकाल दिला. "बगा की, वर बगायचं तोंडच न्हाई."

यशोधन ताडकन उभा राहिला. चष्मा खाली पडला. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला.

"मी काही केलेलं नाही!" तो बाकांकडे बघून ओरडला. "काही केलेलं नाही मी! कळलं का?"

हिरव्या पट्टीच्या म्हाताऱ्यानं खाली बघितलं. सिस्टर आत पळाली.

यशोधन तसाच उभा होता, ताठ, मान वर. आपण केवढ्यांदा ओरडलो ते त्याच्या हळूहळू ध्यानात येत होतं. बाईंचा हात अजून हवेत होता, त्याच्या डोक्याच्या उंचीवर. तो त्यांनी सावकाश मांडीवर ठेवला.

त्यानं बाईंकडे बघितलं. मग शेवटच्या बाकाकडे. आल्यापासून पहिल्यांदा.

शेवंताबाई आवाजाच्या दिशेनं बघत होत्या. काय झालं ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी कान दिलेला होता.

...

"बाई..." यशोधन म्हणाला.

बाईंनी त्याचं ऐकूनही घेतलं नाही. त्या खुर्चीचे हात धरून उठल्या, तपासणीच्या खोलीचं दार उघडलं आणि हाक मारली,

"या, शेवंताबाई. यांनाही नाही जमलं."