पोशी आहे का?

आमच्या नांदखारला टाच फुटली, हात चिरला किंवा पोर गुडघ्यावर आपटलं, तर कुणी मलम मागत नाही. पोशी मागतात. "अगं, जरा पोशी आण गो!" बाहेरगावची नवी सून पहिल्या दिवशी भांबावते. तिला वाटतं, कुणा नणंदेलाच बोलावताहेत.

या शब्दावर शिकल्यासवरल्या माणसांनी बरीच डोकेफोड केली आहे. एक मास्तर म्हणाले, कातडीला पोसते म्हणून पोशी. दुसऱ्या एका विद्वानांनी सांगितलं, हा शब्द गलबतावरच्या परदेशी खलाशांनी आणला. आम्ही ऐकून घेतो, चहा पाजतो आणि वाटेला लावतो. कारण पोशी ही बाई होती. चांगली हाडामांसाची, ठसक्याची बाई.

खाडीवर पूल नव्हता आणि गावात यायचं तर ओहोटीची वाट बघत बसावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. अख्खं गाव मिठावर जगायचं. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं, उन्हानं ते आटलं की तळाशी धरलेलं मीठ लाकडी फळीनं ओढून काठावर रास लावायची. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट केलेला, म्हणून आत उतरायचं ते अनवाणीच. आणि आणखी एक नियम होता, सगळ्यांत कडक. अंगाला तेल लावून कुणी आगरात उतरायचं नाही. पाण्यावर तेलाचा तवंग आला की पाणी आटत नाही आणि मीठ धरत नाही. नव्या नवरदेवालासुद्धा हळदीचं तेल राखेनं खरवडून काढल्याशिवाय बांधावर येऊ देत नसत.

मग पायांचं काय होणार हो? टाचांना भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ शिरायचं. असं म्हणतात, की नांदखारचा माणूस परगावच्या बाजारात लांबूनच ओळखू यायचा, कारण तो तापल्या तव्यावरून चालल्यासारखा चालायचा.

पोशीचा नवरा जोमा. कामाला वाघ, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. एका वर्षी त्याच्या टाचा अशा फाटल्या, की भेगेत भाताचा दाणा उभा राहायचा, असं म्हणतात. वाफ्यात पाय टाकला की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि रिवाज असा, की ज्याचा वाफा त्यानंच ओढायचा. पाडव्यापर्यंत ओढून झाला नाही, तर गावकी तो वाफा दुसऱ्याला देऊन टाकी. जोमाचा वाफा त्याच्या बापानं स्वतः चिखल तुडवून केलेला. तो वाफा गेला की उरली दुसऱ्याच्या आगरातली मजुरी, तीही धड उभं राहता आलं तर.

"मी बघते," पोशी म्हणाली.

"काय, पाय?"

"पाय बघून काय करू? औषध बघते."

पोशीचं माहेर डोंगरातलं. तिकडे भेगांवर राळ, मेण आणि तिळाचं तेल कढवून लावत. मेणात जिरलेलं तेल काही सुटायचं नाही, असं धरून तिनं तसंच केलं. जोमाला उतार पडला, गडी वाफ्यात उतरला, आणि घात झाला. पाण्यावर मोरपिसासारखा तवंग पसरला. शेजारच्या वाफ्यांतही गेला. मिठाच्या जागी नुसता लगदा.

गावकी बसली. म्होरक्या होता लडकू पाटील. मिशा मोठ्या आणि आवाज मिशांहून मोठा. "काय गो पोशी, गाव बुडवायला निघालीस? पुन्हा तुझं ते चिकट आगरापाशी दिसलं, तर पाडव्याची वाटसुद्धा बघणार नाही. वाफा गेला समज!"

पोशी घरामागे जाऊन पोटभर रडली. नवऱ्याचे पाय बरे करायला गेली आणि त्याच्या पायाखालची जमीनच काढून घ्यायची वेळ आणली, हे तिला सोसेना. पण रडून झाल्यावर तिला राग आला, आणि राग आला की तिला सुचायचं. तिनं विचार केला, तवंग येतो तो मलमातून जे तेल सुटतं त्याचा. मग जे सुटायचं ते आधी माझ्या परातीतच सुटू दे की!

तिनं तांब्याची परात घेतली, मलम घातलं, खाडीचं खारं पाणी ओतलं आणि तळहातानं फेसायला बसली. पाण्यावर रंग आला की पाणी फेकायचं, नवं घ्यायचं. पुन्हा रंग, पुन्हा नवं पाणी. असं म्हणतात, भरत्या आल्या, ओहोट्या गेल्या, पोशी उठली नाही. जोमा भाकरीचा घास मोडून तिच्या तोंडात घालायचा. फेसता फेसता मलम लोण्यासारखं पांढरं झालं, आणि परातीतल्या पाण्यात एकदाचं नितळ आभाळ दिसलं.

आणि असं म्हणतात, की तोवर तिच्या तळहातांवरच्या रेषा साफ पुसल्या गेल्या होत्या. पुढे एकदा कुणी ज्योतिषी आला, तिचा हात बघून घाबरला. "बाई, तुझ्या नशिबात काहीच लिहिलेलं नाही!" पोशी म्हणाली, "बरंच झालं की. मोकळी जागा आहे."

पण हे मलम लावून आगरात उतरायचं कुणी? जोमाला तर बंदी. तेवढ्यात पाटलाची बायको हाशीबाय परातीत डोकावली आणि शिंपल्यात थोडं मलम घेऊन पदराआड लपवून गेली. ती रिकामा शिंपला घेऊन पुन्हा पुन्हा येत राहिली.

पाडवा तोंडावर आला आणि गावकी पुन्हा बसली. पोशी परात घेऊनच आली. पाटलानं परातीकडे बघितलंसुद्धा नाही. "चिकट ते चिकटच. जोमाचा वाफा कुणाला द्यायचा, बोला."

"अवं," बायकांतून हाशीबायचा आवाज आला. "जरा पाय वर करा."

"काय?"

"पाय. तुमचा. वर करा नि सगळ्यांना दाखवा."

पाटलानं पाय वर केला. टाच पोराच्या गालासारखी मऊ. "यंदा बरे आहेत माझे पाय," तो चाचरत म्हणाला. "मिठालाच दया आली म्हणायची."

"मिठाला नाही, मला आली! दुपारी जेवून घोरायला लागलात की रोज मीच चोळते. पोशीचं ते चिकट. त्याच पायांनी तुम्ही वाफ्यात उतरताय."

सगळ्यांच्या माना आगराकडे वळल्या. पाटलाच्या वाफ्याकाठची रास साऱ्या आगरात पांढरीशुभ्र होती. मग जो हशा उठला, तो म्हणे खाडीपलीकडे ऐकू गेला, आणि तिकडच्या होडीवाल्यांना वाटलं नांदखारला लग्न लागलं. पाटील आधी लाल झाला, मग त्याच्या मिशा थरथरल्या, आणि तोही पोट धरून हसत सुटला. "जोम्या, बघतोस काय? लाव आणि उतर!"

पाडव्याचं ऊन वर यायच्या आत जोमाच्या वाफ्यात नव्या पाण्यावर धरलेल्या मिठाचा दाणा न् दाणा काठावर होता. त्या दिवशी जोमा बांधावर नाचला, असं म्हणतात. हे मात्र मला जरा जास्तच वाटतं, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

मग काय, पोशीच्या दारात रीघ लागली. "पोशी आहे का?" जोमा म्हणायचा, "ती पाण्याला गेलीय." "अरे ती नको, तिचं ते दे!" हळूहळू एवढं सांगायचीही गरज उरली नाही. जोमाला विचारलं की तो उठून डबाच आणायचा.

अशीच वर्षं गेली, पोशी म्हातारी झाली आणि एक दिवस गेली. जोमा ओट्यावर बसून राहिला. कुणाशी बोलेना, जेवेना. तेव्हा शेजारची बाय सवयीनं दारात आली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पोशी आहे का?" बोलली आणि तिनं जीभच चावली. जोमानं आत भिंतीला टेकलेल्या परातीकडे बघितलं.

"आहे," तो म्हणाला. "किती हवी?"

आजही आगरात पहिलं पाणी घ्यायच्या आधी नांदखारच्या बायका एकत्र बसून परातीत मलम फेसतात आणि फेसून झालं की एकमेकींचे तळहात बघतात, कुणाच्या रेषा पुसल्या का. मग ज्याच्याकडे पाटीलकी असेल, त्यानं भरदुपारी देवळापुढे आडवं व्हायचं आणि मोठ्यानं घोरायचं. तो घोरल्याशिवाय कुणाच्या पायाला मलम लागत नाही. अलीकडचे पाटील घोरतात मात्र झकास.

आणि गावात कुठल्याही दारात कुणी विचारलं, "पोशी आहे का?", तर नाही म्हणायचं नाही. घरातला डबा कोरडा असला तरी आधी "आहे" म्हणतात, आलेल्याला ओट्यावर बसवतात, आणि मागच्या दारानं शेजारी धावतात. शेजारीणही विचारल्याबरोबर म्हणते, "आहे. किती हवी?"