पहाटेची पाळी

गेनबा ढवळे आणि रावजी शिताळे या दोघांची विहीर सामाईक. रात्रभर झिरपून पहाटे तिला चांगलं पाणी साचायचं. म्हणून पहाटेची मोट कुणी धरायची, यावरून दोघं कोर्टात गेले. तारखांमागून तारखा पडल्या, चपला झिजल्या, मोटेचे बैल म्हातारे झाले, पण निकाल काही लागेना.

शेवटी नवे न्यायाधीश आले. त्यांना घाई फार, आणि स्वतःच्या अकलेचं कौतुक त्याहून फार. कागद चाळून ते म्हणाले, "विहीरच बुजवून टाका! ना विहीर, ना भांडण."

दोघांच्याही मळ्याला दुसरं पाणी नव्हतं. कमरेवर हात देत गेनबा उठला.

"साहेब, पाळी कुणाची, एवढंच आम्ही इचारलं. विहीर ठेवायची का बुजवायची, हे कुणी इचारलं का?"

"इथं माझा शब्द चालतो. हा लिहितो हुकूम!"

गेनबानं सुस्कारा सोडला आणि रावजीकडं वळला. "रावजी, पहाटेची पाळी तुझी. मला सांजेची दे. कबूल?"

रावजीला आधी खरंच वाटेना. मग तो घाईनं म्हणाला, "कबूल, कबूल!"

"झालं तर. साहेब, आमचं भांडण आम्ही माघारी नेतो. आता हुकूम कशावर लिहिणार?"

साहेबांची लेखणी हवेतच राहिली. दावा काढून टाकण्यावाचून इलाज उरला नाही.

बाहेर आल्यावर रावजी म्हणाला, "गेनबा, हेच आधी केलं असतंस तर?"

"तेव्हा विहीर बुजवायला कुणी निघालं नव्हतं," गेनबा म्हणाला. "आता घरी जा अन् लवकर नीज, बाबा. उद्यापासून पहाटे तुला उठायचंय."