केरोबाचे हात

गोदेकाठी साळ्यांची एक वस्ती होती. त्यांनी विणलेले रेशमी शालू विकून देवचंद नावाचा एक शेठ मोठा झाला होता.

एके वर्षी पाऊस पडला नाही. लग्नं पुढं ढकलली गेली. लग्नंच नाहीत तर शालू कोण घेणार? माग बंद पडले. देवचंद मनाचा वाईट नव्हता, बरं का. त्यानं आपलं कोठार उघडलं आणि सांगितलं, "दिवाळीपर्यंत घरटी ज्वारी न्या. तोवर दिवस पालटतील."

दिवाळी आली, दिवस काही पालटले नाहीत. साळ्यांनी आपल्यातल्या वडीलधाऱ्या केरोबाला पुढं केलं. केरोबा म्हणाला, "शेठजी, पुढचा पाऊस येईस्तोवर निभावून न्या."

कोठारात ज्वारी होती. पण शेठला वाटलं, यांना बसून खायची सवय लागेल. तो म्हणाला, "ज्वारी देतो. पण मला नदीवर घाट बांधायचा आहे. खडी फोडा आणि ज्वारी न्या."

"खडीला ना नाही, शेठजी. पण हे हात..."

"हात काय मेणाचे आहेत, केरोबा?"

घरात चूल पेटायची पंचाईत, तिथं हातांचं कोण बघतो? साऱ्या वस्तीनं हातोडे उचलले. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. बोटांना घट्टे पडले, घट्ट्यांना भेगा पडल्या. एकदा केरोबानं नातवाला मांडीवर घेतलं, तशी त्याची बायको म्हणाली, "द्या इकडं त्याला. तुम्ही घेतलं की टोपड्याचे धागे निघतात." दोघंही हसली. मग केरोबानं नातवाला तिच्याकडं दिलं.

पुढं पाऊस आला, चांगला आला. राजाच्या लेकीचं लग्न ठरलं. राजाचा कारभारी देवचंदाच्या दारी येऊन म्हणाला, "साऱ्या वऱ्हाडाला शालू हवेत. तुमच्या साळ्यांसारखं कुणी विणत नाही." शेठ हरखला. त्यानं घरोघरी रेशीम पोचवलं.

काही दिवसांनी तो काम बघायला गेला, तर केरोबाच्या मागावर वीतभरही कापड नव्हतं. रेशमाची तार बोटात धरली की भेगेत अडकायची आणि तुटायची. शेजारच्या घरात तेच, त्याच्या पलीकडं तेच.

"जन्मभर केलेलं काम विसरलात होय?" शेठ चिडला.

शेठच्या खांद्यावरचं रेशमी उपरणं घसरलं होतं, ते सारखं करायला केरोबानं हात लावला. हात मागं घेतला, तर उपरण्याची लांबलचक तार बोटाबरोबर निघून आली. शेठ त्या तारेकडं बघतच राहिला.

कारभारी थांबला नाही. लग्नाच्या शालूंचं काम दुसऱ्या गावी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं कोठार पुन्हा उघडलं. "ज्वारी न्या. हातांना चोळायला तेलही न्या. आजपासून खडीला कुणी शिवायचं नाही."

"कधीपर्यंत, शेठजी?" केरोबानं विचारलं.

"बोटांत रेशीम अडकायचं थांबेल तोपर्यंत," शेठ म्हणाला. नदीवरचा घाट अर्धाच राहिला.

तात्पर्य: धंदा बसला म्हणून हात रिकामे झालेल्या माणसाला नुसतं जगवून भागत नाही, त्याचं काम परत येईल तेव्हा ते करायला त्याचे हात शाबूत असावेत, असं आणि तितके दिवस त्याला सांभाळावं.