घाटावर वाचलेली नावं

"सांगा ना बुवा, आज माझा आवाज कसा लागला?"

शिवरामबुवा मठाच्या ओट्यावर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

गावात पटकीची साथ होती. आजाऱ्यांना नदीपलीकडच्या झोपड्यांत ठेवलं होतं. आदल्या दिवशी तिकडे कोण कोण दगावलं, त्याची यादी रोज सकाळी होडीतून येई. ती घाटावर उभं राहून वाचायचं काम बुवांनी आपल्या शिष्याला, त्र्यंबकला दिलं होतं. पोथी वाचावी तर त्र्यंबकनेच, असा पंचक्रोशीत त्याचा लौकिक.

"शेवटच्या पायरीपर्यंत पोचला असेल," त्र्यंबक म्हणाला. "कुठे उणं वाटलं असेल तर सांगा. सुधारीन."

"मला नको विचारूस. तिला विचार."

घाट रिकामा झाला होता. खालच्या पायरीवर एक बाई तेवढी बसून होती. मांडीवर फडकं बांधलेलं गाडगं.

त्र्यंबक खाली उतरला.

"बाई, वाचलेलं नीट ऐकू आलं ना?"

"लई ग्वाड वाचता, महाराज. डोळं मिटून ऐकत ऱ्हायले…" ती जरा हसली. "आमच्या मालकांचं नाव न्हाई आलं न्हवं? पेज आनलीया. होडी कवा सुटंल?"

"नाव काय त्यांचं?"

"मी कसं घेऊ? कुंभारआळीचे… वडाजवळचं घर."

त्र्यंबकने कागद उघडला. कुंभारआळीचं एकच नाव होतं. तिसरं. मघाशी त्याच नावावर त्याने सूर लांबवला होता, आणि तो छान लागला म्हणून स्वतःवरच खूश झाला होता.

त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"गोंदाजी…" दुसऱ्या खेपेला कसंबसं आलं. "गोंदाजी चिमाजी. कुंभारआळी."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुन्यांदा सांगा."

त्याने सांगितलं.

"पुन्यांदा…"

तिसऱ्यांदा नुसती घरघर उमटली.

बाईने गाडग्यावरचं फडकं सोडलं. पेज अजून ऊन होती. तिने फडकं परत बांधलं, गाठ घट्ट केली आणि तिथेच बसून राहिली. त्र्यंबकही एक पायरी सोडून बसला.

ऊन चढल्यावर तो वर आला.

"बुवा, माझा आवाज गेला. उद्या दुसऱ्या कुणाला…"

बुवांनी हातातली वात खाली ठेवली.

"उद्या तूच वाचायचंस," ते म्हणाले. "आणि घशाला काढा घेऊ नकोस."