वरचा बिल्ला

“…आणि नंबर न्हाई घावला, तर माणूस सायकल चालवत न्हाई?”

“चालवू देत नाही आम्ही, बुवा.”

“का?”

हर्षवर्धन चौगुलेला या प्रश्नाचं उत्तर यायला हवं होतं. कोंडघाट सायकल शर्यतीच्या नावनोंदणीचा तो आठ वर्षं प्रमुख होता, शर्यतीत स्वतःही उतरायचा, आणि कोल्हापुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत पंधरा माणसं त्याच्या हाताखाली होती. पण निवृत्तीबुवांनी ‘का’ म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची, तिथं याची काय कथा!

“नंबर नसला तर कोण किती वेळात घाट चढला ते कळणार कसं?” तो कसाबसा म्हणाला.

“त्याचं त्याला कळंल की.”

हर्षवर्धननं नारळ या हातातून त्या हातात घेतला. 

कोंडघाटाच्या पायथ्याशी निवृत्तीबुवांचा मठ. आत बुवांची गादी होती, तिच्यावर शाल पांघरलेली असायची आणि तिथं कुणीही बसत नसे. बुवा बसायचे ते दाराबाहेर, चप्पल स्टँडवर. आल्यागेल्याच्या चपला घ्यायच्या, लाकडी खणात ठेवायच्या, त्या खणाच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला हातात द्यायचा. तीस वर्षं हेच. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं तिथंच विचारायचं.

त्या गुरुवारी हर्षवर्धन नारळ घेऊन आला होता. रविवारी शर्यत होती. बुवांच्या पायाशी नारळ ठेवावा, आशीर्वाद घ्यावा, आणि जाता जाता आपण औंदा काय काय नवं केलंय तेही ऐकवावं, असा त्याचा बेत. ऐकवायची हौस त्याला जरा जास्तच होती.

पण एक भीती होती, ती त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी सातशे सायकलवाले पहाटे पाचला सहा टेबलांपुढं उभे राहिले. प्रत्येकाचा नंबर आधी ठरवून ईमेलनं कळवलेला. ईमेल कुणी वाचलेलं नव्हतं. “माझा नंबर कुठला?” असं विचारत जो तो पुढं यायचा, मग यादीत नाव शोधायचं, मग गठ्ठ्यात नंबर शोधायचा. नुसते पाटीलच चौसष्ट, त्यात संदीप पाटील पाच. सहाला सुटायची शर्यत सहा पन्नासला सुटली.

घाट वाहनांसाठी फक्त आठपर्यंत बंद होता. आठ वाजले, पोलिसांनी रस्ता मोकळा केला, आणि मागचे दोनशे जण अर्ध्या चढावरून टेंपोत घालून खाली आणावे लागले. त्यात सुलभाताई बागेवाडी होत्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. वर्षभर सराव केला होता त्यांनी. त्या भांडल्या नाहीत. पाठीवरचा नंबर काढला, घडी घातली आणि हर्षवर्धनच्या हातात ठेवून निघून गेल्या. ती घडी आठवली की त्याला अजून लाज वाटायची.

आणि औंदा पोलीस साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. एक मिनिट उशीर झाला, तर पुढच्या वर्षीपासून घाट विसरायचा.

“आता बघा बुवा,” तो मोबाईल काढून म्हणाला, “औंदा सगळं बदललंय. प्रत्येकाचा नंबर पाकिटात, पाकिटावर कोड आहे. पाकिटं आडनावाच्या अक्षरानं लावलीत. पाटलांना वेगळं टेबल. गेल्या वर्षी सहा टेबलं होती, औंदा बारा.”

“फुडल्या साली?”

“पुढच्या वर्षी गरज पडली तर… अठरा करू.”

“मंग चोवीस.”

बुवा चेष्टा करतायत की कौतुक, हे त्याला कळेना. बुवांचा चेहरा तर असा, की त्यावरून पाऊस येईल की ऊन पडेल तेही सांगता येऊ नये.

“तसं नाही, बुवा…”

“हर्षा, जरा बस हितं.” बुवा गुडघ्यांवर हात टेकत उठले. “हौदावर हातपाय धुऊन येतो. आरतीची माणसं येतील आता. चपला घे तेवढ्या.”

आणि निघून गेले.

आला का आता घोळ! हर्षवर्धननं इकडंतिकडं बघितलं. भिंतीला लाकडी खण, एकापासून तीनशेपर्यंत. खुंटीला एक तार, तारेत ओवलेले बिल्ले. उलटसुलट, कसेही. सत्याऐंशीनंतर दोनशे चौदा, त्यानंतर नऊ. तीस वर्षांत कुणाला साधं ओळीनं लावायचं सुचलं नव्हतं. त्याला बुवांची कीव आली.

त्यानं ठरवलं, व्यवस्थित करायचं. एका घरची माणसं असतील तर सलग नंबर द्यायचे. म्हाताऱ्यांना खालचे खण. आणि कुणाला कुठला बिल्ला दिला ते नावासकट मोबाईलवर लिहून ठेवायचं.

पहिल्या पाच बायका आल्या, एकाच घरच्या. त्यानं एकशे एक ते एकशे पाच शोधायला घेतले. एकशे एक मिळाला, एकशे दोन मिळाला, एकशे चार मिळाला. एकशे तीन मिळेना. तार सगळी उलटीपालटी केली.

“दादा, द्या की कुठला बी.”

“थांबा हो, एकच मिनिट.”

एकशे तीन कुणीतरी आधीच घेऊन आत गेलं होतं.

मागं एक आजोबा उभे. हर्षवर्धननं आदरानं खालचा खण दाखवला.

“आरं बाबा, मला वाकता कुठं येतंय? वरचा दे वरचा.”

वरच्या खणाचा बिल्ला शोधायचा तर तार पुन्हा पहिल्यापासून. तोवर ओळ तुळशी वृंदावनापर्यंत गेली. “नाव काय?” असं तो विचारायचा, लोक म्हणायचे, “चपलेचं?” आणि मागचे हसायचे. तेवढ्यात आत घंटा वाजली.

मग कोण थांबतंय? अर्ध्या लोकांनी चपला त्याच्यापुढं तशाच टाकल्या आणि आत धावले. उरलेले आपल्या चपला हातात धरून त्याच्याकडं बघत राहिले.  हे सगळं आपण आधी कुठंतरी बघितलंय, असं त्याला राहून राहून वाटत होतं, आणि कुठं ते आठवायची त्याची तयारी नव्हती.

बुवा आले. ओले पाय झटकले. ढिगाकडं पाहिलं, ओळीकडं पाहिलं.



तार खुंटीवरून काढली आणि मांडीवर घेतली. वरचा बिल्ला काढला, पुढच्या बाईच्या हातात दिला. चप्पल त्या खणात. पुन्हा वरचा बिल्ला, पुढचा माणूस. वरचा बिल्ला, पुढचा माणूस. शोधणं नाही, विचारणं नाही. पहिली आरती संपायच्या आत ओळ संपलीसुद्धा.

हर्षवर्धन बघत राहिला. मघाशी जिची त्यानं कीव केली, त्याच विस्कटलेल्या तारेनं हे केलं होतं.

“तुम्ही नावं विचारली नाहीत,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“कुणाला कुठला द्यायचा ते ठरवलंही नाहीत.”

“वरचा व्हता त्यो दिला.”

“पण बुवा, इथं ते जमतं. इथं नंबर कुणाचा ठरलेला नसतो. आमच्याकडं प्रत्येकाचा नंबर ठरलेला आहे.”

“कुणी ठरवला?”

…

आत टाळांचा गजर चालू होता. हर्षवर्धननं हातातला मोबाईल खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

“मी,” तो म्हणाला.

बुवा ढिगातल्या चपलांच्या जोड्या लावत होते.

“म्हणजे मी मनानं नाही ठरवले,” तो घाईघाईनं सांगू लागला. “लोकच मागतात. गाडीला नाही का पसंतीचा नंबर घेत, तसं. कुणाला वाढदिवसाची तारीख पाहिजे. कुणाला मोटारीचाच नंबर पाहिजे. इचलकरंजीचे एक वकील आहेत, बेरीज नऊ आल्याशिवाय सायकलवर टांग टाकत नाहीत. तीनशे बारा जणांना मी शब्द दिलाय.”

“सातशेंतल्या तीनशे बारांना.”

“हो. आणि मग एकाला दिलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून सगळ्यांचेच ठरवले.”

“आन् गेल्या साली टेंपोतनं खाली आले त्ये किती?”

“दोनशे.”

“त्येंची बेरीज किती आली?”

हर्षवर्धनला हा प्रश्नच कळला नाही. आकडा विचारतायत की आणखी काही? तो मनातल्या मनात बेरीज करायला लागला आणि आपण हे काय करतोय म्हणून थांबला. बुवांनी एक डावी चप्पल उचलली, तिची उजवी शोधली, दोन्ही बाजूला ठेवल्या.

“मग कुठला नंबर कुणाचा, हे कसं कळणार?” त्यानं विचारलं. “वरचा उचलून दिला तर?”

“दिल्यावर लिही.”

“दिल्यावर?”

“आधी दे. मंग लिही.”

तो उभाच राहिला. आधी द्यायचं, मग लिहायचं. माणूस आला, त्याचं नाव उघडलं, वरचा नंबर हातात दिला, तो आकडा नावापुढं टाकला. दहा सेकंद. फार तर पंधरा. गठ्ठ्यात हात घालायचाच नाही. पाटील असो की बागेवाडी, कुठल्याही टेबलावर जा. बारा टेबलंसुद्धा लागणार नाहीत. यादीतला नंबरांचा रकाना पुसला की झालं… आठ वर्षं तो ज्याच्यासाठी टेबलं वाढवत होता, ते इतकं साधं असावं याचा त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला मात्र संताप, आणि कुणावर ते त्याला सांगता येईना.

“पण तीनशे बारा जण चिडतील, बुवा. मी शब्द दिलाय.”

“चिडतील.”

“तोंडावर बोलतील.”

“कुठवर?”

“म्हणजे?”

“चढ लागंस्तवर?”

हर्षवर्धन खाली बसला. बुवांच्या शेजारी, ढिगापुढं. त्यानंही एक चप्पल उचलली. तिची जोडीदारीण शोधता शोधता त्याच्या डोक्यात हिशोब चालू होता. आज रात्री रकाना पुसायचा. सगळ्यांना निरोप पाठवायचा, माफी मागायची. नंबर एकापासून सातशेपर्यंत छापून आलेच आहेत, ते पाकिटांतून काढून गठ्ठे करायचे. सहाला शर्यत सुटेल. सुलभाताईंनी औंदा नाव दिलं नव्हतं. पण त्यांना आजच फोन करायचा, या म्हणायचं. त्या नाही म्हणाल्या तरी म्हणायचं.

सगळं बसत होतं. आणि तरी एक गोष्ट बसत नव्हती. ती बोलावी की नाही, हे त्याला ठरवता येईना.

बुवा वाट बघत असावेत. किंवा नसावेतही.

“बुवा…”

“हं.”

“वरून देत गेलं, तर ‘एक’ हा नंबर पहिल्याच माणसाला जाईल.”

“जाईल.”

“कुणीही असला तरी?”

“कुणी बी.”

…

“तो माझा असतो,” हर्षवर्धन म्हणाला.

बोलून झाल्यावर त्यालाच कसंतरी वाटलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, हातात कुणाची तरी कोल्हापुरी धरून, लहान पोरानं खाऊ मागावा तसं बोलला होता. पण खोटं नव्हतं ते. आठ वर्षं शर्यतीचा एक नंबर त्याच्या पाठीवर होता. फोटोंत होता. सायकलच्या दांड्यावर त्यानं तो रंगवून घेतला होता. रात्र रात्र जागून शर्यत उभी करायची, बदल्यात एवढं एक त्यानं स्वतःसाठी काढून ठेवलं होतं, आणि त्यात काही चूक आहे असं त्याला आजपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं.

बुवाही म्हणाले नाहीत.

“मंग गठ्ठा उलटा ठेव,” ते म्हणाले.

“उलटा?”

“शेवटचा नंबर वर. एक खाली.”

हर्षवर्धननं डोळ्यांपुढं गठ्ठा आणला, उलटा केला. वर सातशे, तळाला एक.

“मग तो सगळ्यांत शेवटी येणाऱ्याला जाईल!”

“जाईल.”

“सातशे माणसांच्या मागं उभा असेल त्याला?”

“व्हय.”

“मग बुवा… मला कसा मिळणार?”

आरती संपली होती. माणसं बाहेर येऊ लागली होती. बुवांनी पहिल्या माणसाचा बिल्ला घेतला, खणातून चपला काढल्या, त्याच्या पायांपुढं नीट जोडून ठेवल्या. मग हर्षवर्धनकडं वळले.

“घरात लगीनकार्य असलं, म्हंजी घरचा माणूस कितव्या पंगतीला बसतो रं?”