जाळीतली आरोळी

“…मग त्यात माझा वाटा किती, तेवढं सांगा बुवा.”

दौलतगिरीबुवांनी मान वर केली नाही. मठीच्या ओट्यावर बसून ते कुऱ्हाडीला धार लावत होते. दगडावर थोडं पाणी टाकायचं, पातं घासायचं, अंगठ्यानं चाचपायचं. विचारणारा समोर उन्हात उभा होता, आणि कुणी बस म्हणेपर्यंत उभं राहायची त्याला मुळीच सवय नव्हती.

सर्जेराव हा वरच्या वाडीचा बंदूकवाला. पिकाच्या राखणीचा परवाना त्याच्या घरात आजोबापासून चालत आलेला. डुकरांनी शाळू लोळवायला सुरुवात केली की सगळी वाडी त्याच्या दारात येऊन बसायची, आणि हा शहाणा चहाची कपबशी खाली ठेवेपर्यंत हो म्हणून म्हणायचा नाही. नेम मात्र खरोखरच चांगला होता. ही गोष्ट गावात सगळ्यांत जास्त वेळा तो स्वतःच सांगायचा.

आज तो घाट चढून मठीवर आला होता तो बंदूक सोडून. बंदूक पोलिसांकडं जप्त होती.

त्या डोंगरात रान उठवायची एक रीत आहे. बंदूकवाला जाळीच्या तोंडाशी खडकाआड बसतो. हाकारे दुसऱ्या अंगानं रानात शिरतात आणि आरोळ्या देत, झुडपं झोडपत जनावर त्याच्याकडं हाकलतात. हाकाऱ्यानं आरोळी थांबवायची नाही, घसा फुटला तरी थांबवायची नाही. जिथनं आवाज येतो तिथं माणूस. जिथं आवाज नाही आणि पाला हलतो, तिथं जनावर. त्या एका आवाजाच्या भरवशावर माणसं बंदुकीच्या तोंडाकडं चालत जायची, आणि घरी येऊन जेवायची.

माघ महिन्यात रान उठवलं तेव्हा मधल्या जाळीत केरबा होता. केरबा म्हणजे सर्जेरावाचा मेहुणा, त्याच्या धाकट्या बहिणीचा, हौसाचा नवरा. त्याच्या आरोळीनं म्हणे खालच्या वाडीतली कुत्री जागी व्हायची.

ओढ्यापर्यंत आरोळी आली आणि थांबली.

थोड्या वेळानं करवंदीची जाळी हलली. सर्जेरावानं बार काढला. नेहमीप्रमाणे नेम चुकला नाही.

पोलीस आले, पंचनामा झाला, सर्जेराव जामिनावर सुटून घरी आला. गावानं त्याला एका शब्दानं दुखवलं नाही. उलट जो तो हळहळून तेच म्हणू लागला, की केरबाच चुकला. जन्मभर हाकारा घालणारा माणूस ऐन जाळीत मुका कसा झाला? सर्जेरावानं हे सगळं खाली मान घालून ऐकलं. नाही म्हणाला नाही.

तरी आतून तो पोखरला जात होता. म्हणून आला होता.

“शिकारीचा वाटा पडतो, तसा पापाचाबी पडत आसंल,” तो पुन्हा म्हणाला. “आरोळी थांबवली त्यानं. बार काढला म्या. माझ्याकडं किती येतं?”

बुवांनी पातं पुसलं.

“शिकारीत तुझा किती आसतो?”

“मुंडकं आन एक मांडी जादा. बार काढणाऱ्याचा मान हाय त्यो.”

“मग घे की.”

सर्जेरावानं तोंड फिरवलं. समोर नुसता डोंगर, चैत्रातल्या उन्हानं करपलेला, आणि त्याच्या कुशीत ती जाळी इथूनसुद्धा हिरवी दिसत होती. परत जावं असं त्याला वाटलं. पण परत गेलं की पुन्हा तेच घर, बंदुकीची तीच रिकामी खुंटी, आणि सांत्वनाला येणारी तीच माणसं…

बुवांनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली आणि मठीच्या मागं बोट दाखवलं.

तिथं लाकडं रचून ठेवलेली होती. ऐनाची आणि धावड्याची, चांगली वाळलेली, हातभर लांबीची तोडून. पावसाळ्याच्या बेगमीला लोक ठेवतात तशी, खाली दगड लावून, वारा खेळेल अशी. गुरूकडं आल्यावर लाकडं फोडावी लागतात हे सर्जेरावानं कीर्तनात ऐकलेलं होतं. बरंच झालं, त्याला वाटलं. सेवा केली की बुवा वळतील.

त्यानं सदरा काढला आणि पहिला ओंडका उभा केला.

हात भरून आलेल्या माणसाला काम मिळालं की बरं वाटतं, तसं त्याला वाटलं. ओंडका एका घावात दुभंगत होता. ढलप्या उडत होत्या. लाकडाचा तो तुरट वास नाकात शिरला आणि कित्येक दिवसांनी त्याचा श्वास छातीत खालपर्यंत गेला. त्याला स्वतःचा दंड दिसला, त्यावर आलेला घाम दिसला, आणि बुवा बघताहेत का म्हणून त्यानं चोरून पाहिलंसुद्धा. माणूस एवढ्यातही तेवढं सोडत नाही.

बुवा बघत होते.

“केरबा गप का झाला?” त्यांनी विचारलं.

“दम लागला आसंल.”

घाव बसला. ओंडका फुटला.

“केरबा गप का झाला?”

“मला काय ठावं? म्या हिकडच्या अंगाला हुतो.”

घाव बसला. या वेळी पातं गाठीत अडकलं. सर्जेरावानं पाय देऊन ते ओढलं, निघेना. पुन्हा ओढलं. बुवा उठले नाहीत, आणि तिसऱ्यांदा विचारलंही नाही. नुसते बघत राहिले.

कुणी ओरडलं असतं तर सर्जेराव ओरडला असता. कुणी खोटा म्हणालं असतं तर अंगावर धावून गेला असता. पण त्या गप्प बसण्याला काय करायचं हे त्याला समजेना. तो अडकलेल्या कुऱ्हाडीचा दांडा धरून तसाच वाकून उभा राहिला.

“…म्या सांगितलं हुतं.”

मग ते सगळं बाहेर आलं. त्याच्या आधीच्या वेळी एक मोठं डुक्कर केरबाच्या आरोळीला बुजून आडवं फुटलं होतं आणि सर्जेरावाचा बार वाया गेला होता. वाडीत लोक हसले. फार नव्हे, चारचौघांत हसतात तेवढंच. पण सर्जेरावाला ते लागलं. पुढच्या वेळी रान उठवायच्या आधी त्यानं केरबाला बाजूला घेतलं आणि ओढा ओलांडला की तोंड मिटून, वाकून पुढं सरकायला सांगितलं. जनावर नाकासमोर येईल, मग बघ.

“त्यो काय म्हणाला?” बुवांनी विचारलं.

“म्हणाला, दादा, ही रीत न्हवं. म्या म्हणलं, रीत मला शिकवतूस? मग हसला. म्हणाला, तुमास्नी ठावं हाय न्हवं मी तितं हाय, मग झालं.”

सर्जेराव खाली बसला. ढलप्यांवरच बसला.

“आन म्या इसरलो, बुवा. जाळी हलली. आवाज न्हवता. आवाज न्हाई म्हंजी जनावर. हात आपला उचलला. रीत म्या मोडली, आन हात मातुर रीतीनंच चालला…”

खालून कुठून तरी गुरं हाकल्याचा आवाज आला आणि विरला. बुवांनी तांब्या पुढं सरकवला. सर्जेरावानं पाणी तोंडाला लावलं नाही.

“हौसाला ठावं हाय?”

“न्हाई.”

हौसा काय करते ते मग त्यानं सांगितलं, आणि सांगताना तो बुवांकडं बघू शकला नाही. दहाव्याला तिनंच त्याची समजूत घातली होती. दादा, तू मनाला लावून घेऊ नको, ह्यांचंच चुकलं. सणावाराला भाकरी बांधून आणते. आणि तिच्या घरी गेलं की भिंतीवरच्या फोटोसमोर ती बसलेली असते. रडत नाही. नवऱ्याला जाब विचारते. गप का झालासा? एवढं वरडायचा माणूस तुमी, तवाच कसं गप झालासा? संसार नको झाला हुता का? असं रोज. शेजारणी म्हणतात, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

केरबा जिवंतपणी कुणाचा शब्द मोडत नसे. मेल्यावर बायकोच्या तोंडून रोज बोल खात होता. तेही दुसऱ्याच्या चुकीपायी.

“मला हितंच ठिवून घ्या,” सर्जेराव म्हणाला. “भगवं द्या. झाडलोट करीन, लाकडं फोडीन, लाथ मारशीला तर खाईन. पर खाली धाडू नका.”

बुवांची नजर खालच्या वाडीच्या वाटेकडं गेली.

“हौसाला सांगितलं म्हणून केरबा येतूय व्हय माघारी?”

“न्हाई.”

“ती मला माफ करंल?”

बुवांनी थोडा विचार केला. “न्हाई करायची.”

“कोर्टात जलमठेप हुईल.”

“हुईल बी.”

“मग निदान माझं मन तरी हलकं हुईल का?”

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि सर्जेरावाला हवी होती ती मायाही नव्हती. त्यांना वाईट वाटत होतं, एवढंच त्याला कळलं.

“न्हाई,” ते म्हणाले.

“मग कशापायी जायाचं?”

बुवा उठले. अडकलेली कुऱ्हाड त्यांनी ओंडक्यासकट उचलून आपटली, ती सुटली. मग फोडलेलं एक लाकूड त्यांनी हातात घेतलं आणि दोन्ही टोकं न्याहाळली.

“हे सरपण कुणाचं, म्हाईत हाय?”

“मठीचं.”

“केरबाचं. पौषात तोडून वाळायला ठिवून गेला. म्हणाला, चैत्रात नेतो, हौसाला पावसाळाभर पुरंल.”

सर्जेरावानं हात मागं घेतले. आता त्याला ते दिसलं. प्रत्येक ओंडक्याचं टोक सारखं तिरकं तासलेलं, घाईत नव्हे, बसून केल्यासारखं. खालचे दगड निवडून लावलेले. एवढी लाकडं फोडताना तो आपला दंड बघत होता…

बुवांनी जमिनीवर दोर पसरला. त्यावर ते एकेक लाकूड रचू लागले. सर्जेरावानं सदरा अंगात घातला, मग गुडघ्यावर बसून तोही रचू लागला. मोळी मोठी झाली. एवढी पुरे असं सर्जेरावाला वाटलं, पण बुवा थांबेनात, आणि त्याला पुरे म्हणायचा धीर होईना. शेवटी बुवांनी पाय देऊन दोर आवळला.

मग त्यांनी हात पुढं केला. सर्जेरावाला कळलं नाही. बुवांनी त्याच्या डोक्याचा पटका काढून घेतला.

तो पटका सर्जेरावाच्या बापाचा. पंचायतीत, लग्नात, रान उठवायला जाताना त्याचा तुरा ताठ असायचा. बुवांनी तो ओट्यावर उलगडला, पिळला, गोल गुंडाळून त्याची चुंबळ केली आणि त्याच्या उघड्या डोक्यावर ठेवली.

“हो फुडं.”

दोघांनी मिळून मोळी उचलली. म्हाताऱ्याच्या अंगात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. मोळी डोक्यावर बसली तशी सर्जेरावाची मान आत गेली, गुडघे लचकले. जळणाची मोळी त्यानं आयुष्यात वाहिली नव्हती. त्याच्या घरी ते काम बायकांचं होतं, नाही तर केरबा आणून टाकायचा.

“उरलेली?” त्यानं विचारलं.

बुवा मागं जाऊन उरलेली लाकडं पुन्हा नीट रचू लागले.

सर्जेराव चालू लागला. अंगणाच्या कडेला, जिथून वाट खाली उतरते तिथं तो थांबला. खाली ऊन रखरखत होतं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. पार तळाशी खालच्या वाडीची कौलं दिसत होती आणि त्यातलं हौसाचं घर कुठलं हे त्याला न बघताही ठाऊक होतं. दारात जाऊन पहिला शब्द कुठला बोलायचा? मोळी टाकायची आधी, की सांगायचं आधी? ती आनंदानं पुढं येईल, दादानं सरपण आणलं म्हणून. पाणी आणायला आत वळेल. आणि मग…

त्याला पुढचं दिसेना. नुसतं दार दिसलं, बंद होणारं.

मान भरून आली होती. अजून तर वाट सुरूसुद्धा झाली नव्हती. मागं वळता येत नव्हतं, म्हणून तो समोर बघतच बोलला. आवाज लहान मुलासारखा निघाला आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

“बुवा… लईच जड झालं तर वाटंत जरा खाली ठिवू?”

मागं लाकडं रचल्याचा आवाज थांबला.

“ठिव की,” बुवा म्हणाले. “पर परत डोईवर द्यायला त्या वाटंला कोण न्हाई.”