थेंबाची शपथ

“मग तेल येतंय तरी कुठनं, उस्ताद?”

जालिंदर काटकर जुन्या ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. पण राग त्या पायांवरूनही कळत होता.

उस्मान मुलाणी कडुनिंबाखाली बसून पानाला चुना लावत होते. सगळा तालुका त्यांना उस्ताद म्हणे. जालिंदरच्या हातात पहिला पाना त्यांनीच दिला होता.

“कुठनं येतंय ते तूच सांग की,” उस्ताद म्हणाले.

“मागच्या सीलमधनं. वरच्या झाकणातनं. बाजूच्या पॅकिंगमधनं... एक बंद केलं की दुसरीकडनं!”

“बरं.”

“बरं काय, उस्ताद? रथ खोळंबलाय!”

खोळंबला होताच. आज जानाईची यात्रा. वेशीत रथ झेंडूच्या माळांनी लगडला होता, हलगी कडाडत होती, पोरीबाळी ठेवणीतली लुगडी सावरत टेकडीच्या वाटेला उभ्या होत्या. रथ देवळापर्यंत ओढायचा मान गावात पहिल्यांदा आलेल्या या ट्रॅक्टरचा. मध्यंतरी त्याचं इंजिन जाम झालं. लोक म्हणाले, भंगारात घाला. जालिंदरनं ते नटन्‌नट सोडवून पुन्हा बांधलं.

इथवर सगळं कौतुकाचंच. पण कौतुक पचवणं हे इंजिन बांधण्याइतकं सोपं नसतं.

उस्तादांच्या वर्कशॉपात एक रीत होती. बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालवायचं ते खाली पांढरं धोतर अंथरून. काल जालिंदरनं चावडीसमोर कोरं धोतर अंथरलं, इंजिन सुरू केलं आणि गावाच्या देखत छाती काढून म्हणाला, “ऐका! आवाज हाय का? न्हाय. आन् यात्रा हुईस्तवर ह्या धोतरावर तेलाचा एक थेंब जरी पडला, तर ह्यो जालिंदर जल्मात पाना हातात धरणार न्हाय. जानाईची आण!”

टाळ्या पडल्या. उस्तादांनी त्याच वेळी बाजूला वळून पिंक टाकली.

आणि आज ही गत. गाडी जागेवर गुणी लेकरासारखी चाले, पण जरा जोर दिला की पाझरायला लागे. जालिंदर त्याच धोतरावर पाठ टेकून चिंध्यांनी तेल टिपत होता. थेंब पडायच्या आत पुसायचा, की आण शाबूत.

यात्रा कमिटीचे बाजीअण्णा धापा टाकत आले.

“जालिंदर, चढाला घालून बघितलास का?”

“बघितला, अण्णा.”

“मग?”

“...निम्म्यात दम सोडतोय.”

अण्णांनी कपाळावर हात मारला. “आता माणसं थांबायची न्हाईत बाबा. पलीकडच्या आळीचा नवा ट्रॅक्टर जुपतो. एकदा का ह्याचा मान गेला, की हा भंगारात. मग मला बोल लावू नगंस.”

जालिंदर खालून सरपटत बाहेर आला. कोपरापर्यंत तेल, आणि डोळे रडवेले. त्याला ते लपवायचं होतं, म्हणून तो ओरडला, “उस्ताद, उठा की वं आता!”

उस्ताद उठले. इंजिनाभोवती एक फेरी मारली.

“झडपांवरच्या टॅपेटचा आवाज कसा घालवलास?”

“आवळलं. फट ठिवलीच न्हाय.” एवढ्या गडबडीतही सांगताना त्याची मान ताठ झाली.

“आन् हे?”

इंजिनाच्या कुशीतून एक नळी खाली वळलेली होती. पोटात कोंडलेली वाफ बाहेर सोडणारी. तिच्या तोंडात रबरी बूच होतं, आणि वरून तारेचे वेढे.

“तिच्यातनं मधनंच एक थेंब पडायचा. म्हणून बूच मारलं.”

“घट्ट मारलंस.”

“तुमचाच चेला!”

उस्ताद त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. डाव्या हाताच्या चिमटीत त्यांनी जालिंदरचं नाक धरलं. उजव्या हाताचा तळवा त्याच्या तोंडावर दाबला.

“ओढ रथ,” ते म्हणाले.

जालिंदरला आधी ती थट्टा वाटली. मग वाटेना. तो हात झाडायला लागला, पाय आपटायला लागला. तोंड लालबुंद झालं. पण म्हाताऱ्याची पकड आयुष्यभर नट आवळलेल्या हाताची होती.

“उस्ताद! मरंल की पोरगं!” अण्णा किंचाळले.

उस्तादांनी हात काढले.

जालिंदर मटकन खाली बसला. खोकला, शिंकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून लाळ. शर्टाच्या बाहीनं एक पुसावं तोवर दुसरं.

“कुठनं यायलंय?” उस्तादांनी विचारलं.

पुसणारी बाही तोंडापाशीच थांबली.

तो नळीकडे बघत राहिला...

मग असा काही उडी मारून उठला की अण्णा दोन पावलं मागं सरले. “आयला! उस्ताद! आतला दाब! वाट कुठं हाय त्याला? मीच कोंडलंय त्याला!” तो आनंदानं ओरडत होता. त्यानं तारेला हात घातला.

आणि हात तसाच राहिला.

“उस्ताद... बूच काढलं तर थेंब पडंल.”

“पडंल.”

“माझी आण हाय.”

“हाय.”

वेशीत हलगी वाजत होती. माणसं इकडंच बघत होती. काल टाळ्या वाजवणारी तीच माणसं.

“तुमी काढा,” जालिंदर हळूच म्हणाला.

“म्या न्हाय मारलं.”

...

जालिंदरनं आधी वरचं झाकण खोललं. टॅपेट ढिले केले, झडपा पुरत्या मिटाव्यात म्हणून प्रत्येकाला पातळ पत्र्याएवढी फट दिली. हलगीवाल्यांचं एक पान चघळून होईतो झाकण बसलंसुद्धा. घाई होती, पण एकही नट चुकला नाही. इंजिन सुरू केलं. टकटक, टकटक... काल नाहीसा केलेला आवाज गावभर ऐकू आला.

मग तो खाली वाकला, तार सोडली आणि बूच उपटलं.

फस्स!

वाफेचा एक भपकारा आला. त्याच्यामागून नळीच्या टोकाशी थेंब जमला, लोंबला आणि पांढऱ्या धोतरावर पडला.

“पडला!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “जालिंदर, पडला रं!”

“बघितलाय!” जालिंदर त्याहून मोठ्यानं ओरडला. “रथ जोडा!”

काय सांगावं पुढचं! साखळी ताणली, रथाची चाकं करकरली, आणि म्हातारा ट्रॅक्टर भकाभका धूर सोडत चढाला भिडला. जिथं सकाळी दम सोडला होता तिथं अण्णा डोळे मिटून हात जोडून उभे होते. तो वळण घेऊन वर गेला तरी त्यांचे डोळे मिटलेलेच. हलगीवाल्यांनी टॅपेटच्या टकटकीवरच ठेका धरला. माणसं पळत होती, पोरं रथाच्या दोरांना लोंबकळत होती, भंडारा उधळून टेकडी पिवळीजर्द झाली होती. मडगार्डवर बसलेले उस्ताद एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं पानाची डबी सांभाळत होते. माझ्या मते त्या दिवशी जानाईलाही देवळात बसवलं नसेल.

वर पोचल्यावर घंटा घणघणली. जालिंदरनं आधी मागच्या सीलखाली बोट फिरवलं. कोरडं. झाकणाच्या कडेनं फिरवलं. कोरडं. नळीतून मात्र सावकाशीनं एक थेंब पडला.

त्याचा चेहरा फुलला होता. तो तसाच काही वेळ फुललेला राहिला...

मग त्यानं कमरेचा पाना काढला. भंडाऱ्यानं भरलेल्या फरशीवर, उस्तादांच्या पायांपाशी ठेवला.

“उस्ताद, गाडी चढली. ज्यासाठी बांधली ते झालं. पण आण घेतली हुती, आन् थेंब समद्या गावानं बघितला. आता मला पाना धरता यायचा न्हाय.”

आजूबाजूची माणसं जवळ सरकली.

उस्तादांनी टेकडीवरून खाली, वेशीकडे पाहिलं.

“काल छाती काढून आण घेणारा खाली धोतरापाशीच ऱ्हायला, वर आलेला दिसत न्हाय,” ते म्हणाले. “तू पाना उचल. पंख्याचा पट्टा ढिला वाजतोय.”